बर्फावरच्या अध्यक्षबाई

जाहीर निवेदन. नेपरव्हिल आणि पंचक्रोशीतल्या समस्त मराठी जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, प्रस्तुत लेखिकेने एक अध्यक्ष हरवला. हा अध्यक्ष कुठल्या देशाचा नव्हता. आमच्या मंडळाचाही नव्हता. तो हरवला असता तर मी निवेदन काढलं नसतं, पेढे वाटले असते. हरवल्या त्या मलावीतल्या एका खेड्याच्या पाणी समितीच्या अध्यक्षबाई, आणि त्या माझ्या घरी पाहुण्या होत्या.

ही गोष्ट मी पॉटलकला हातवारे करून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. सांगताना माझे तळवे अजून गार पडतात, ते कुणाला दिसत नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावी.

आमची लेक पाण्याची इंजिनिअर. त्या खेड्यात काही महिने राहून, काम करून आलेली. अध्यक्षबाई शिकागोला कसल्याशा परिषदेसाठी येणार होत्या, तेव्हा लेकीने सिएटलहून फोन केला. "आई, शी इज स्टेइंग विथ यू. त्या नसतील तर तिथलं काहीच चालत नाही, सो बी केअरफुल. आणि प्लीज, नो ड्रामा."

मंडळाच्या प्रत्येक नाटकात काम केलेल्या बाईला असं सांगतात का कुणी? मी लगेच त्यांचं भाषण हळदीकुंकवात ठेवून टाकलं.

अध्यक्षबाई आल्या त्या उंचनिंच, भक्कम, अंगात लेकीचं जुनं स्कीचं जॅकेट आणि कमरेला झेंडूच्या रंगाचं छापील कापड गुंडाळलेलं. इंग्रजी आमच्यापेक्षा स्वच्छ. आल्याआल्या बाथरूमपाशी थांबल्या. आत नवरा दाढी करत होता आणि नळ सोडलेला होता. त्यांनी आत हात घालून नळ बंद केला आणि मला विचारलं, "आमायी, हे पाणी तुमचे यजमान कुणासाठी सोडतात?"

आमायी म्हणजे त्यांच्या भाषेत आई, बाईमाणसाला मानाने मारायची हाक. मला ते थेट 'माई' ऐकू आलं आणि मी तिथेच विरघळले. नवरा मात्र तोंडाला फेस असलेला तसाच उभा राहिला. पुढचे दोन दिवस तो दाढीला मगात पाणी घेत होता.

जेवताना त्यांनी त्यांच्या कामाचं सांगितलं. त्यांच्याकडे जमीन रेताड, त्यामुळे बोअर हातानेच पाडता येते. लांब लोखंडी दांडा, खाली मोठ्या स्क्रूसारखं पातं, वर आडवी मूठ. ती मूठ धरून बायका गोल गोल फिरतात आणि पातं खाली खाली जातं. पहिली बोअर कोरडी गेली, दुसरीला मचूळ पाणी लागलं. बाप्ये झाडाखाली बसून हसत होते. तिसरीला गोडं पाणी लागलं. तिथे पंप बसला, पंपाखाली सांडणारं पाणी पाटाने वाफ्यांत सोडलं, आणि आता कांदे, टोमॅटो, पालेभाजी असं वर्षभर काही ना काही निघतं. कुणाला कुठला वाफा, कुणाची पाण्याची पाळी कधी, हे अध्यक्षबाई ठरवतात.

"आणि ते हसणारे?" मी विचारलं.

"टोमॅटो मागायला येतात. मी म्हणते, आधी हसून दाखवा."

माझ्या तोडीची बाई होती हो! एका घरात आम्ही दोघी म्हणजे माझ्या नवऱ्याचं काही खरं नव्हतं.

त्या रात्री आमच्या कार्पेटच्या जिन्यावर त्यांचा मोज्यातला पाय घसरला आणि त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "पांगोनो, पांगोनो."

मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, पांघरूण मागतायत."

त्याने दुलई नेऊन दिली. मग गरम दुधाचा कप हातात देताना पुन्हा "पांगोनो, पांगोनो." नवरा धावला, दुसरी दुलई. झोपायला जाताना मी जरा घाईने त्यांची बॅग उचलली, पुन्हा तेच. या वेळी सोलापुरी चादरी गेल्या. सकाळी अध्यक्षबाई घामाने निथळत खाली आल्या आणि फार अदबीने म्हणाल्या, "आमायी, या घरात पहाटे काही भयंकर थंडी येते का?"

मग त्यांनीच उलगडा केला: पांगोनो पांगोनो म्हणजे हळूहळू. बोअर पाडताना त्या बायका हेच म्हणत फिरतात, कारण घाई केली की दांडा वाकडा जातो. मी हसून हसून ओट्याला धरून खाली बसले. नवरा वर त्याच्या मीटिंगमध्ये होता. त्याला हे सांगायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. एवढं घबाड मला उद्या माईकवर, त्याच्या तोंडासमोर फोडायचं होतं.

तेवढ्यात त्यांच्या घरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पंप, पंपाभोवती बायकांची गर्दी, आणि अगदी पुढे त्यांची आई. वाळलेल्या खारकेसारखा चेहरा. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. अध्यक्षबाईंनी भाषांतर केलं नाही. मी खोदून विचारलं.

"ती म्हणते, एक मुलगी जमिनीने घेतली. ही परत पाठव."

पंप येण्याआधी त्या बायका कोरड्या नदीत वाळू उकरून झिरे काढत. उन्हाळा वाढेल तसा झिरा खोल जाई, आणि मग एकीला आत उतरून वाटीवाटीने पाणी भरावं लागे. एकदा त्यांची थोरली बहीण आत होती. कडेची वाळू ढासळून आली. "आवाज आला," त्या म्हणाल्या, "पोटात गुरगुरतं ना, तसा. मग ती दिसेना. आम्ही ताटल्यांनी उपसत होतो."

मी फोनसमोर छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "मी परत पाठवीन. शब्द देते." मराठीतच म्हटलं. म्हातारीला एक अक्षर कळलं नसणार. ती माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

दुपारी मी डायनिंग टेबलावर तिळगुळाच्या पुड्या बांधत होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जरा बाहेर बघून येते." मी म्हटलं, "हो, हो," आणि दुसऱ्या कानाला फोन लावून हॉलच्या किल्लीवरून कुणाशीतरी भांडत राहिले. भांडण संपलं तेव्हा घर शांत होतं. फार शांत. माझे स्नो बूट जागेवर नव्हते, मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

बेसमेंट पाहिलं. गॅरेज पाहिलं. मग सिंकवरच्या खिडकीतून बाहेर पाहिलं.

आमच्या घरांच्या रांगेमागे तळं आहे, पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरने खणलेलं. हिवाळ्यात ते गोठतं. काठावर पाटी आहे: पातळ बर्फ, लांब राहा. इतकी वर्षं मी त्या पाटीचं तंतोतंत पालन केलं आहे. हिवाळ्यात मी पाटीच्याही जवळ जात नाही. आणि तळ्याच्या पार मधे, पांढऱ्यावर झेंडूच्या रंगाचा एक ठिपका चालत होता.

पलीकडच्या काठाशी आमचा शेजारी होता, निवृत्त, दांडगा गृहस्थ. तो दर हिवाळ्यात तिथे मासे धरतो. बर्फाला भोक पाडायला त्याच्याकडे हाताने फिरवायचा लांब दांडा आहे, खाली मोठ्या स्क्रूसारखं पातं, वर मूठ. आता आलं लक्षात? मला तेव्हा आलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी खिडकीतून काय पाहिलं, तर बर्फात एक म्हातारा एकटाच पाण्यासाठी बोअर पाडतोय आणि मूठ धरायला त्याच्यासोबत एकही माणूस नाही. त्या मदतीला निघाल्या होत्या.

मी घरातल्या चपलांवर काठापर्यंत धावले आणि ओरडले, "आमायी!"

त्या वळल्या. मी बोलावतेय असं वाटून आनंदाने हात हलवला आणि सरळ माझ्याकडे निघाल्या. सरळ. आणि त्यांच्या-माझ्यामध्ये तो पाइप होता.

रस्त्यावरचं वितळलेलं पाणी त्या पाइपातून तळ्यात येतं. तिथलं पाणी हलतं राहतं, म्हणून तिथे बर्फ धरत नाही. वर नुसती साय धरते, आणि तिच्यावर भुरभुर पडली की सगळं एकसारखं पांढरं दिसतं. आदल्या हिवाळ्यात गल्लीतला एक कुत्रा तिथेच आत गेला होता. फायर ब्रिगेडने त्याला बाहेर काढलं तेव्हा तो भुंकत नव्हता.

मी दोन्ही हातांनी मागे जा, मागे जा अशी खूण केली. लांबून तीच खूण 'या, या' अशी दिसते, हे मला त्यांचा वेग वाढला तेव्हा कळलं. मी पुन्हा ओरडले. वेग आणखी वाढला. मी घाबरून बर्फात बसकण मारली, तर मला काही झालं असं वाटून त्या धावायलाच लागल्या.

मी जे जे करत होते, त्याने ती बाई मरणाकडे येत होती. आयुष्यभर हात आणि आवाज यांवर जगलेली मी, मला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं आणि हलायचं नाही. आणि ते करूनही त्या थांबणार नव्हत्या.

म्हणून मी बर्फावर गेले. पाइप चुकवून, बाजूने, पोटावर सरपटत. हे टीव्हीवर पाहिलेलं होतं. बर्फ हनुवटीला लागत होता. खाली हिरवट काळं काहीतरी होतं आणि त्यात अडकलेलं एक पान. डोळ्यांसमोर दुसरं काही नाही, फक्त फोनमधली ती म्हातारी, माझ्या तोंडाकडे बघणारी.

आणि तळ्याच्या पोटात आवाज झाला. लांबवर कुठेतरी सुरू होऊन तो माझ्या बरगड्यांखालून निघून गेला. गुरगुरल्यासारखा.

शेजारी नंतर म्हणाला, बर्फ जाड होताना असा आवाज करतो, चांगली खूण आहे ती. नंतर! तेव्हा अध्यक्षबाई होत्या तिथे थिजल्या. दोन्ही हात कानांवर. टोमॅटोवाल्यांना आधी हसायला लावते असं काल रात्री ऐटीत सांगणारी ती बाई, तिचा चेहरा पुसून टाकल्यासारखा झाला होता. तिने तो आवाज ओळखला होता.

शेजाऱ्याने तेवढ्यात हेरलं होतं. "मॅम, डोन्ट मूव्ह!" तो ओरडला, मासे ठेवायच्या घसरगाडीची दोरी सोडत आला, आणि आमच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबला. "मी जड आहे, याच्यापुढे आलो तर सगळेच जाऊ." त्याने दोरी फेकली. ती अर्ध्यावर पडली.

मी काही हलकी नाही. पण त्याच्यापेक्षा हलकी होते. कोपरांवर सरकत मी दोरीपर्यंत गेले, टोक तोंडात धरलं आणि तशीच पुढे गेले. त्यांचे बूट, म्हणजे माझेच बूट, नाकासमोर आले. त्या खाली बघत होत्या.

"आमायी," त्या कुजबुजल्या, "खाली वाळू आहे?"

मी दोरी तोंडातून काढली. "नाही हो. पाणी आहे."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी."

त्यांनी श्वास सोडला. "मग ठीक. मला वाटलं वाळू."

हे पाणी माणसाला वाळूपेक्षा लवकर गिळतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. दोरी त्यांच्या कमरेच्या कापडावरून बांधली आणि त्यांना खाली बसायला लावलं, मग पोटावर. शेजारी तिकडून दोरी आवरायला लागला, त्या पुढे, मी त्यांच्या पायाला धरून मागे. पुन्हा एकदा गुरगुर झाली. आणि मग पुढून त्यांचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा, मग पंपाभोवतीच्या सगळ्या बायकांना पुरेल एवढा.

"पांगोनो! पांगोनो!"

मी पण म्हणायला लागले. ओरडून म्हणायला लागले, कारण गप्प राहिले असते तर रडले असते. खालचं हिरवट काळं हळूहळू पांढरं झालं, पांढरं दुधासारखं घट्ट झालं, आणि शेजारी म्हणाला, "इथे उभं राहा, इथे ट्रक चालेल." आम्ही उभ्या राहिलो नाही. एकमेकींना धरून तिथेच पडून राहिलो. अध्यक्षबाईंचे दात वाजत होते, तरी त्यांनी मान वळवून शेजाऱ्याला विचारलं, "बाबा, पाणी लागलं का?" आणि मधूनमधून अजून "पांगोनो, पांगोनो" हेच पुटपुटत होत्या, आता स्वतःला समजावल्यासारखं.

तेव्हा काठाकडून धपधप पावलं आली. नवरा होता. गळ्यात हेडफोन, खाली घरातली अर्धी चड्डी, आणि नाकापर्यंत दुलयांचा ढीग, त्यावर सोलापुरी चादर लोंबतेय. पाटीपाशी येऊन त्याने आम्हाला पाहिलं, चेहरा पांढराफटक झाला, आणि साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असा तो ओरडला, "आणलं, आणलं! अजून एक गाडीत आहे, आणू का?"