ट्रान्सफॉर्मरचा सूर

माझ्या दिराला एखादी गोष्ट जमणार नाही असं कधी सांगू नये. हे मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात शिकले. सासूबाई सहज म्हणाल्या, "हे कपाट काही जिन्यातून वर जायचं नाही." झालं. भावजींनी जिन्याचा कठडा उपटला, कपाट वर नेलं, कठडा परत बसवला आणि मगच जेवायला बसले. कपाट अजून वरच आहे. ते खाली आणायची कुणाची छाती नाही.

तळमजल्यावर दोघा भावांचं मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि आम्ही वर राहतो. मोटर जळून आली की आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढे देत भरायची, वॉर्निशमध्ये बुडवून वाळवायची. आमचे हे ते काम जीव ओतून करतात. भावजी ते काम संध्याकाळ होईपर्यंत करतात. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं, कामाचं टेबल भिंतीला लागलं, की दुकानात 'अर्थिंग' सुरू व्हायचं.

'अर्थिंग' हा त्यांचा बँड. माणसं चार. भावजी बेस वाजवतात, म्हणजे जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. दुसऱ्या गिटारवर त्यांचा शाळेपासूनचा मित्र, धंद्याने फरश्या बसवणारा, म्हणून आम्ही त्याला फरशीवालाच म्हणतो. ड्रमवर बेकरीतला भट्टीवाला. आणि गायला एक बाई, बस डेपोत माइकवरून गाड्या पुकारणारी. दिवसभर "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं लोण्यासारखं मऊ बोलायची आणि संध्याकाळी आमच्या दुकानात अशी किंचाळायची की रस्त्यावरचे लोक वाकून शटरखालून आत बघायचे. तिला सगळे भोंगा म्हणायचे. तीही बिनदिक्कत ओ द्यायची.

"सायकेडेलिक हार्ड रॉक म्हणतात याला, वहिनी," भावजींनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"काय म्हणायचं ते म्हणा," मी म्हटलं, "माझी मांडणीतली भांडी हलतात."

त्यांचं गाणं एकदा सुरू झालं की संपायचं नाव घेत नसे. फरशीवाला एकच ओळ धरून फिरवत राहायचा, आवाजाला लांब शेपूट लावायचा आणि ते शेपूट गोल गोल घुमत परत त्याच्याकडेच यायचं. भट्टीवाला मधेच हात आवरून बसायचा आणि तुम्ही सुटकेचा श्वास घ्याल तोच अंगावर कोसळायचा. भोंगा शब्द सोडून नुसताच आवाज वर वर नेत राहायची. मी भाजी चिरायला घेतली तेव्हा सुरू झालेलं गाणं भाजी शिजून खाली उतरली तरी चालूच. मी कानात कापसाचे बोळे घालून स्वयंपाक करायचे. या घरात माझा संसार कापसाने टिकवला असं मी सगळ्यांना सांगते, आणि त्यात फार खोटं नाही.

आता त्यांच्या सुराची गोष्ट. बाकीचे बँड तारा सुरात लावायला काहीतरी उपकरण वापरतात. यांच्याकडे ते नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यात मोटरी तपासायचा एक जुना ट्रान्सफॉर्मर होता. बटण दाबलं की तो एका सुरात घुमायचा. पहिल्याच दिवशी तो बंद करायचा राहिला आणि या शहाण्यांनी त्याच्या घुमण्यावर आपल्या तारा लावल्या. पुढे तीच सवय पडली. मोटरवाल्यांच्या बँडचंच हे काम, दुसरा कोण असला उद्योग करणार? तो सूर जगाच्या सुरापासून जरा सरकलेला होता. ना धड इकडचा, ना धड तिकडचा. हे त्यांना कळलं पहिली रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेले तेव्हा. तिथल्या पियानोवाल्याने दोन पट्ट्या दाबल्या आणि हात मागे घेतले.

"तुम्ही कुठल्या सुरात आहात?"

"ट्रान्सफॉर्मरच्या," भावजी म्हणाले.

त्याला वाटलं, आपली थट्टा चालली आहे. तो म्हणाला, या सुरात रेकॉर्ड होणं जमणार नाही. बिचाऱ्याला कपाटाची गोष्ट ठाऊक नव्हती. रेकॉर्ड पियानोशिवाय झाली आणि नेमकी त्या सरकलेल्या सुरामुळे लोकांच्या तोंडी बसली. ऐकताना पायाखालची जमीन तिरकी झाल्यासारखी वाटते, असं एका पेपरात छापून आलं. फरशीवाल्याला ते फार लागलं. "माझ्या हातची जमीन आजवर तिरकी झालेली नाही," असं तो कितीतरी दिवस म्हणत होता.

मग नाव झालं. मोठे हॉल, लांबचे दौरे. दुसऱ्या-तिसऱ्या रेकॉर्डवर गाणी आखूड झाली, गुळगुळीत झाली, लोक त्यांवर नाचायला लागले. भावजी त्या काळाचा विषय निघाला की तोंड कडू करतात. भट्टीवाला तर रुसून बँड सोडून गेला होता आणि गाणी पुन्हा लांब करू असं कबूल केल्यावरच परत आला. असे हे चौघे. भांडायचे, वेगळे व्हायचे, पण संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की एकेक जण वाकून आत यायचा.

भावजींचे कान बिघडले ते सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. दाराची घंटी वाजली तरी ते जागचे हलायचे नाहीत, पण खाली जड मोटर सुरू झाली की लगेच मान वळवायचे. मी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भली बाई होती. तिने सांगितलं, वरचे आवाज गेले, खालचे आहेत. वाजवणं थांबवलंत तर उरलेलं जास्त टिकेल.

"उरलेल्याचं काय करू? लोणचं घालू?" भावजी म्हणाले. पण तिने दिलेली कानातली बुचं मुकाट्याने घेतली आणि वाजवताना न चुकता घालायला लागले.

घरी येताना मात्र त्यांनी मला रस्त्यातच थांबवलं. "वहिनी, बँडमध्ये कुणाला कळता कामा नये."

"का बरं? तुमचीच माणसं आहेत ती."

"म्हणूनच. कळलं की मला जपायला लागतील. आणि एकाला जपत बाकीच्यांनी वाजवायला लागलं की बँड संपला. मग ती आजारी माणसाची विचारपूस. तसं झालं तर मी त्याच दिवशी सोडेन."

ते बोलले म्हणजे करणार, हे मला माहीत होतं. बँड सोडून ते जगले असते, पण कसे जगले असते याचा विचार मला करवेना. मी शब्द दिला.

त्यानंतर 'अर्थिंग'चा आवाज हळूहळू बदलायला लागला. भट्टीवाल्याच्या ड्रमभोवती पितळी थाळ्या असायच्या, झण्ण करून अंगावर काटा आणणाऱ्या. त्या एकेक करून नाहीशा झाल्या. "कंटाळा आला त्या खणखणाटाचा," तो म्हणायचा. फरशीवाल्याने नव्या आवाजासाठी म्हणून सगळ्यांना जाडजूड तारा आणल्या आणि सूर खूप खाली उतरवला. तारा लावायचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं, नवं उपकरण आणलंय म्हणून. ट्रान्सफॉर्मरवर धूळ बसली. आणि भोंगा किंचाळायची थांबली. छातीतून, संथ, जवळजवळ बोलल्यासारखं गायची. पेपरांनी उचलून धरलं. काय ती खोली, काय तो काळोख, बँड आता मुरला वगैरे.

"बघा वहिनी," भावजी कौतुकाने म्हणायचे, "केस पिकल्यावर आवाज सापडला आम्हाला."

मला वाटलं, खरंच असेल. एकदा भोंगा पाणी प्यायला वर आली. मी मागच्या खोलीत होते, तिला वाटलं घरात कुणी नाही. ओट्याशी उभी राहून ती स्वतःशीच गुणगुणली आणि बघता बघता आवाज वर गेला, अगदी वर, पहिल्यासारखा. मी बाहेर आले.

"मला वाटलं होतं तुझा आवाज उतरलाय. मग किंचाळत का नाहीस?"

ती दचकली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही, वहिनी. माझ्या किंकाळीवर त्याने बेस घेऊन गाण्यात यायचं असतं, आणि तो यायचाच नाही. आम्ही तिघांनी ठरवलं, त्याला ऐकू येईल तिथे आपण खाली जायचं. तुम्हाला माझी शपथ, त्याला सांगू नका. कळलं तर सोडून जाईल."

घ्या! इकडे त्यांना दिलेला शब्द, तिकडे हिची शपथ, आणि मधे मी. जिच्या आवाजावर बँडचं नाव झालं, तिने तो आवाज गिळून टाकला होता आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. मला तिचा राग आला आणि तिच्या पाया पडावंसंही वाटलं.

फुटायचं ते फुटलंच. पहिल्या रेकॉर्डच्या आठवणीत मोठा कार्यक्रम ठरला होता. त्या दिवशी फरशीवाल्याला यायला उशीर झाला. भावजींना कुठला धीर! त्यांनी ट्रान्सफॉर्मरवरची धूळ पुसली, बटण दाबलं, एक तळहात त्यावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने तार छेडली. कानांपेक्षा हाताला नेमकं कळतं. तार सुरात आली की दोन्ही थरथरी एक होतात. त्या एक होईनात. ते खुंटी पिळत गेले, पिळत गेले, आणि ती जाड तार फटकन तुटून त्यांच्या मनगटावर बसली.

मी आवाज ऐकून खाली आले तेव्हा ते तुटलेली तार बोटांत धरून बघत होते. तारांचंच काम करणारा माणूस. जाडी का वाढली, आपल्या कानांसाठी सूर किती उतरवला, सगळं त्यांना बोटांतच कळलं होतं.

"थाळ्याही माझ्या कानांसाठीच गेल्या ना?" त्यांनी विचारलं. "आणि ती किंचाळत नाही, तेही?"

मी भोंग्याची शपथ मोडली आणि सगळं सांगितलं. तेवढ्यात बाकीचे तिघे शटरखालून आत आले. भावजींनी तार त्यांच्यापुढे धरली.

"मला जपलंत."

भोंगा भडकली. "मग काय करायचं होतं? तुला टाकून वाजवायचं होतं?"

"मला सांगायचं होतं! तू तुझा आवाज माझ्यासाठी दाबून टाकलास? समोर हॉलभर माणसं बसतात, त्यांचे कान शाबूत आहेत ना? का त्यांनीही माझ्यासाठी बहिरं व्हायचं?"

मला वाटलं, आता ते बेस खाली ठेवणार. पण त्यांनी पेटीतून जुन्या बारीक तारा काढल्या.

"कार्यक्रमात पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलं गाणं होणार. ट्रान्सफॉर्मरच्या सुरात. थाळ्यांसकट, किंकाळीसकट."

"अरे, पण तिच्या किंकाळीवर तुझी जागा आहे," फरशीवाला काकुळतीला आला. "ती तुला कळणार कशी? जमणार नाही रे ते."

मी छताकडे बघितलं. वर बरोबर त्याच जागी ते कपाट उभं आहे.

भावजींनी चपला काढल्या आणि भट्टीवाल्याच्या ड्रमखालच्या लाकडी फळीवर अनवाणी उभे राहिले. ताल पायांतून आला. मग भोंग्याला म्हणाले, "माझ्या पाठीला पाठ लाव. तू वर गेलीस की तुझ्या बरगड्या थरथरतात. ते मला कळेल. चल, किंचाळ."

पहिल्यांदा ते आधी आले, मग उशिरा आले, मग आलेच नाहीत. "परत," एवढंच म्हणायचे. कार्यक्रम येईपर्यंत आमच्या घरात दुसरा शब्द ऐकू आला नाही. आमच्या ह्यांनी एरवी बँडकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी गुपचूप ट्रान्सफॉर्मरला चाकं बसवून दिली, हॉलवर न्यायला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पडद्यामागे भावजी माझ्यापाशी आले. "वहिनी, एक काम आहे. आज कापूस काढा."

"का?"

"मला वरचं काही ऐकू येणार नाही. नंतर कसं झालं ते तुम्ही सांगायचं. या तिघांवर माझा भरवसा नाही, ते जपतात. तुम्ही आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही."

याला स्तुती म्हणायचं का, ते मी अजून ठरवलेलं नाही. मी बोळे काढून पर्समध्ये टाकले.

इतक्या वर्षांत मी त्यांचं गाणं कापसातूनच ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ते उघड्या कानांनी ऐकलं. ट्रान्सफॉर्मर घुमला, त्यातून भावजींची तार निघाली, फरशीवाल्याचं शेपूट हॉलभर फिरलं, थाळ्या बरसल्या. जमीन खरंच तिरकी झाली. दोघं पाठीला पाठ लावून उभी होती, दोघांचे केस पांढरे. भोंगा वर गेली, आणखी वर गेली, आणि भावजी आले. केसभरही इकडे तिकडे नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

टाळ्या थांबेनात. आत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. भावजी त्यातून सुटून थेट माझ्यासमोर उभे राहिले, ओठ वाचायला डोळे माझ्या तोंडावर.

"बोला."

"तुम्ही बरोबर जागेवर आलात."

"आणि ती?"

भोंगा मागेच उभी होती, घामाने निथळत, हसत. छान झालं म्हणावं, संपवावं, असं फार वाटलं मला. पण ते वाट बघत होते.

"ती वरपर्यंत पोचली नाही," मी म्हटलं. "शेवटी आवाज फाटला. पूर्वी तो कापसातूनसुद्धा टोचायचा."

फरशीवाला माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याची ओली फरशी तुडवली होती. आणि भावजींचा चेहरा उजळला. इतके खूश मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. ते गर्रकन वळले आणि स्वतःला अंदाज न येणाऱ्या मोठ्या आवाजात ओरडले, "ए भोंग्या! वहिनी म्हणतात, वर पोचली नाहीस. उद्या संध्याकाळी दुकानात ये."

भोंग्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. बाहीने तोंड पुसलं.

"येते," ती म्हणाली, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून समोर येऊन पुन्हा म्हणाली, "येते."