गोंदणाचं मशीन हातात येईपर्यंत

गोंदायला बसलेला माणूस एक हात दुसऱ्याच्या ताब्यात देऊन बसतो. उठता येत नाही, हलता येत नाही, आणि दुखतंय ते विसरायचं असतं. मग तो बोलत सुटतो. सासूचं बोलतो, बांधावरच्या भांडणाचं बोलतो, घरात कधी बोलला नसेल तेही बोलतो. त्यामुळे आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मला काम मिळत नव्हतं तेव्हाही किस्से मिळत होते.

तेव्हा म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वारूळवाडीची, लग्नाघरी मेंदी काढायचे. नारायणगावच्या आठवडे बाजारात हिराबाई बॅटरीवरचं मशीन घेऊन गोंदायला बसायच्या. मला ते शिकायचंच होतं. मेंदी आठवड्यात उडते, आणि आपण काढलेलं काहीतरी मागे राहावं असं मला फार वाटायचं.

बाईंनी माझी मेंदीची डिझाइनं चाळली. "लई रेघा हायेत," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्या रंगाला चालतं हे. जे जात न्हाई ते थोडक्यात काढायचं."

मग अट सांगितली. मी कागदावर शिकायचं, गिऱ्हाइकाच्या हातावर पेनानं चित्र काढून द्यायचं, सुई त्या चालवणार. "ज्या दिवशी गिऱ्हाईक आपणहून म्हणंल, हिच्या हातनं गोंदायचं, त्या दिवशी मशीन तुझं."

"म्हणेल की," मी म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.

*

पहिला धडा विंचू. तेव्हा गावोगावच्या पोरांना दंडावर विंचू हवा असायचा. माझा पहिला विंचू बघून बाई म्हणाल्या, "हा खेकडा हाय. नदीत सोड."

मीही हट्टी. पेपरच्या कडेला विंचू, कॅलेंडरच्या पाठीमागे विंचू, गॅसच्या ओट्याखाली कोळशानं विंचू. एका सकाळी आई भांडी काढायला खाली वाकली आणि तिनं पायातली चप्पल काढली.

बाजारात गेले ती तोंड पाडूनच. बाईंनी विचारलं, काय झालं?

"आईनं चपलेनं मारलं."

"तुला?"

"विंचवाला."

बाईंनी मान वर न करता सुई पुसली. "मग जमला. आता मोर घे."

*

कागद सपाट, हात गोल. म्हणून पुढचा सराव दुधीवर. घरचेच दुधी होते. संध्याकाळी बॉलपेन घेऊन बसायचं, सकाळी भाऊ न बघता ते बाजारात विकायचा.

त्यातला ॐ काढलेला एक दुधी पेठेतल्या किराणावाल्यांच्या घरी गेला. राजस्थानातून येऊन पिढ्या झालेलं जैन घर, मराठी आमच्यापेक्षा चोख. पुढच्या बाजाराला त्या घरच्या काकू दुधी रुमालात गुंडाळून घेऊन आल्या.

"ताई, याला सुरी कोण लावणार? देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. सगळे येता-जाता हात जोडतात, आणि भाजी रोज मुगाची."

मी ओशाळले. म्हटलं, यापुढे मोर काढत जाईन.

"मोरात जीव आला. तोही आम्हाला कापता येत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही आपल्या वेली काढा ना."

त्या दिवसापासून बाईंनी दुधीवर फक्त वेली काढायला लावल्या. माझी वेल चांगली आहे, मोर यथातथाच, त्याचं कारण हे आहे.

*

एक बाई नवऱ्याचं नाव गोंदून घ्यायला आली. चाळिशीची असेल. टोमॅटोचा माल मार्केटला लागला होता, नवरा तिकडे हिशेबात अडकलेला.

"काय नाव लिहू?" मी पेन काढून विचारलं.

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही तिच्या घरची रीत. अक्षरओळख नाही, म्हणजे लिहूनही दाखवता येईना. "तुमीच वळखा," म्हणाली.

आम्ही ओळखायला लागलो. पांडुरंग? नाय. तुकाराम? नाय. शेजारचा बांगड्यावाला, चहावाला, उभं असलेलं गिऱ्हाईक, सगळे नावं सुचवायला लागले. शेवटी हिराबाई वैतागल्या. "उखाणा घे बये, उखाण्यात चालतं."

ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"टोमॅटोच्या क्रेटाला आज बरा भाव,
बबनरावांचं घेते सगळ्यांम्होरं नाव."

टाळ्या पडल्या. मी घाईनं तिच्या मनगटावर 'बब' एवढं लिहिलं. तिनं हात मागे घेतला.

"आता घेतलंच की तोंडानं. गोंदायचं कशाला?"

आणि चपला घालून गेलीसुद्धा.

*

मशीन अजून लांबच होतं. बाई सुई बदलत असल्या की मी हळूच विचारायचे, "मी गोंदू का?" लोक असा हात मागे घ्यायचे, जसं काही मी चटका देणार होते. फार वाईट वाटायचं. घरी जाऊन रडायचे, आणि डोळे पुसून पुन्हा दुधी घ्यायचे.

एकदा जुन्नरच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला आला. टीव्हीवरच्या कुस्तीत पैलवानाच्या दंडावर बघून त्याला ड्रॅगन हवा होता. बाईंनी ड्रॅगन बघितलेला नव्हता, मीही नव्हता. "घोरपडीला पंख लाव," बाई म्हणाल्या. मी लावले. त्याला आवडला, बाईंनी गोंदला.

पुढच्या बाजाराला तो बाही खाली ओढून हजर. "बाई, स्टँडवर समदी घोरपड म्हणत्यात मला. झाकता यील का?"

"चित्र झाकंल, भाऊ. नाव कशानं झाकू?"

मी म्हटलं, मी सुधारून देऊ का, माझ्या हातानं? त्यानं बाहीचं बटणही लावून टाकलं.

*

आणि मग ती मुलगी आली.

आंबेगावकडची, लग्नाची. सोबत आई. मुलीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बिबट्याचे ओरखडे, भरून आलेले पण चांगले जाड. उसाच्या कडेला खुरपत असताना त्यानं धरली होती.

"पावणं येत्यात, पोरगी पसंत पडती," आई सांगायला लागली. "हात दिसला की च्या पिऊन निघून जात्यात. वेल काढून झाकून टाका."

वेल म्हटल्यावर बाईंनी पेन माझ्याकडे सरकवलं. मुलीचा हात बाईंच्या मांडीवर होता. मी पहिलं पान काढलं.

"बिबट्या येतो का काढता?" मुलीनं विचारलं.

"गप गं," आई म्हणाली. "त्याच्यापायी तर हितं आलोय." आणि तोंड फिरवून बसली.

बिबट्या मला आजवर कुणी मागितला नव्हता. काढायचा तर माहीत हवा. "तोंड बघितलंस का त्याचं?" मी विचारलं.

"बघितलं. हे असं म्होरंच व्हतं. कानाला चीर व्हती."

"आधीपासून?"

"नाय. खुरपं माज्या हातात व्हतं."

बाईंचा सुई पुसणारा हात थांबला.

"डावा कान का उजवा?" मी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, मूठ वळून, हात हवेत एकदा फिरवून बघितला. "त्याचा डावा," ती म्हणाली. तो हात तिनं पुन्हा बाईंच्या मांडीवर ठेवला नाही. माझ्या मांडीवर ठेवला.

"हिच्या हातनं गोंदायचं."

बाईंनी आईकडे पाहिलं. आई तोंड फिरवूनच बसली होती. बाईंनी मशीन माझ्या हातात दिलं. ज्याची इतकी वाट बघितली ते हातात आलं. काढलेलं पान मी पुसून टाकलं, आणि ओरखड्यांवरच थोडक्या रेघांत बिबट्या काढला. मग सुई लावली. डोळे झाले, मिशा झाल्या, उजवा कान झाला. मुलगी दात आवळून बघत होती.

डाव्या कानाशी आले तेव्हा आई वळली. पुढे वाकून तिनं त्या कानावर बोट ठेवलं.

"चीर मोठी काढ," ती म्हणाली. "पावण्यांना लांबनं दिसली पायजे."