पिना मारलेली पानं

माझ्या मुलीच्या क्लासमध्ये फिजिक्सच्या पुस्तकातली थिअरीची पानं पिना मारून बंद करतात, हे कळलं तेव्हा मला आधी ती थट्टाच वाटली. गंगापूर रोडवरचा नावाजलेला क्लास, एसी वर्ग, भिंतीवर टॉपर्सचे फोटो, आणि अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सर स्टेपलर फिरवतात. धड्याची सुरुवातीची पानं एकत्र धरायची, कडेला खटाखट पिना मारायच्या आणि थेट मागच्या गणितांवर यायचं. सूत्रं सर फळ्यावर देतात. वाचायचा मोहच नको, म्हणे! मुलांना पुस्तक वाचायचा मोह होतोय आणि हे तो मोडून काढतायत!

आमच्या चांदवडच्या कॉलेजात बरोब्बर उलट होतं. "गणितं टाका ऑप्शनला, थिअरी घोका, पास व्हाल," असं मॅडम बिनदिक्कत सांगायच्या. आम्ही नियम धडाधडा म्हणून दाखवायचो आणि साधं उदाहरण समोर आलं की एकमेकींची तोंडं बघायचो. निदान पोरीला तरी पूर्ण पुस्तक मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. कसलं काय! मला अर्धं मिळालं, हिला उरलेलं अर्धं.

दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेत तिला अगदीच कमी मार्क पडले. घरी आली ती दप्तरही न उतरवता सोफ्यावर बसली.

"आई, मी ढ आहे. माझ्या बाकावरची मुलगी सायन्स सोडून गेली ना, तशीच मी पण आर्ट्सला जाते."

आवडीनं आर्ट्सला गेली असती तर मी पेढे वाटले असते. पण लहानपणी मिक्सर उघडून बघणारी माझी पोर स्वतःला ढ समजून पळ काढणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये जाऊन धडकले.

"मॅडम, तिला फॉर्म्युले पाठ आहेत," सर म्हणाले. "कुठला कुठे लावायचा, तेवढंच कळत नाही. प्रॅक्टिस वाढवू."

"आणि कुठे लावायचा, ते पुस्तकात दिलेलं नसतं?"

"असतं ना, थिअरीत असतं. पण ते वाचत बसली तर पेपर कधी सोडवणार?"

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, वर चहा घेणार का म्हणून विचारलं. टेबलावरचा स्टेपलर उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं मला वाटलं. चहा न घेताच घरी आले.

संध्याकाळी आम्ही दोघी नेलकटरच्या टोकानं पिना उचकटत बसलो. एकदोन पानं टरकली, टरकू देत. परीक्षेत चुकलेलं एक गणित याच धड्यामागचं होतं; त्यात एका गाडीचा वेग काढायचा होता. तिनं पाठ केलेलं सूत्र बिनचूक लिहिलं होतं. पिनांच्या आत मात्र साध्या भाषेत छापलेलं होतं, की वेग एकसारखा वाढत असेल तरच हे सूत्र चालतं. गणितातली गाडी तर कधी जोरात वेग घेत होती, कधी हळू. तिनं ती ओळ वाचली, मग मला बाजूला सारून अख्खा धडा वाचला. मी कुकर लावला, पोळ्या केल्या, तरी ती वाचतच होती. शेवटी गणित पुन्हा घेतलं, आलेख काढला, दोनदा खोडलं आणि उत्तर आणलं. मागच्या पानावरच्या उत्तराशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग पुढचं गणित, मग त्याच्या पुढचं.

"म्हणजे मी ढ नव्हते," ती म्हणाली. मला वाटलं, आता तरी हसेल. पण ती टेबलावर पडलेल्या वाकड्या पिना बोटानं गोळा करत राहिली.

"आई, बाकावरची ती पण नव्हती."