नावासकट घड्याळ

जुन्या बाजारात ताडपत्रीवर ते घड्याळ पडलं होतं. काच तडकलेली, तबकडी गंजलेली, मिनिटकाटा गायब. घेऊन दुरुस्त करावं का, हे मला ठरवता येईना, म्हणून आमच्या गल्लीतले घड्याळजी रफिकभाई सोबत आले होते. त्यांनी ते उलटं केलं. पाठीवर कोरलं होतं, 'पंचवीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल', आणि खाली कामगाराचं नाव.

"मशीन चांगलंय," रफिकभाई म्हणाले. "पाठ घासून नाव काढू, मग बघा कसं दिसतं."

"घासाच," विकायला बसलेले आजोबा म्हणाले. "नाव माझंच आहे. शाल, नारळ आणि हे दिलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटला कुलूप."

ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याच्या हातात घड्याळ ठेवायचं, ही आपल्या मालकांची रीत. गरिबाचा अपमानही ते शालीत गुंडाळून देतात आणि वर टाळ्या वाजवायला लावतात.

मी तिथेच घड्याळ घेतलं. मला ते नावासाठीच हवं होतं.

"घासून टाकाल ना?" आजोबांनी पुन्हा विचारलं.

मी मान डोलावली.

रफिकभाईंनी दुरुस्त केल्यापासून ते माझ्या टेबलावर छान चालतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते उलटं करून दाखवतो, नाव मोठ्याने वाचतो आणि मालकांवर बोलतो. कारखान्याने आजोबांना चारचौघांत एकदाच उभं केलं होतं. मी रोज करतो.