लेन्सवरचा दुपट्टा

माणसाबद्दल लिहावं इतकं मला कळतं, असं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुकलं तर माफ करा.

ज्यांच्याबद्दल लिहितेय, ते पत्रकार होते. पुरुषांवरच्या खोट्या केसेसवर माहितीपट काढत होते आणि त्यासाठी इंझोरीला आमच्याकडे आले, कारण माझ्या चुलतभावावर, दादावर, त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, केस केली होती. ती खरी की खोटी, मला आजही सांगता येत नाही.

कॅमेरा लावण्याआधी त्यांनी काकांना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. "बापासमोर पोरगा बोलत नाई," म्हणाले. बोलता बोलता दादा रडायला लागला, तसा त्यांनी कॅमेरा बंद करून लेन्सवर आपल्या गळ्यातला दुपट्टा टाकला.

"काहून बंद केला, सर?" मी विचारलं.

"रडताना दाखवला तं गाव हासते. नाई रडला तं कोनी मानत नाई."

दादा त्या दुपट्ट्याकडे पाहत म्हणाला, "केस जाऊ द्या, सर. मले फक्त माही पोरगी पाह्याची हाय."

उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. आदल्या दिवशी ते कॅमेरा न घेता मानोऱ्याला, वहिनीच्या माहेरी जाऊन आले होते.

"तुही वहिनी पोरीले भेटवाले तयार झाली. तुह्या दादाचा फोन बंद येऊन राह्यला. त्याले सांग, दाढी करून ये म्हना, पोरगी भेईन नाई तं."

मी म्हणाले, "सर, सकाळी दादा गेला. लोक आत्ताच त्याले मसनात घेऊन निघाले."