बंद करण्याची परवानगी

रोह्याजवळ धाटावच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. कारखाना धाटावला, वास रोह्यापर्यंत आणि निर्णय मुंबईत, नरिमन पॉइंटला. मुंबईचे साहेब तरी कुठले स्वतंत्र? प्लांट थांबवायचा तर ते टेलेक्सने लंडनला विचारत. जगाचा व्यापार मोठ्या शहरांतून कसा हलतो यावर विद्वानांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. दोन मी वाचलीही. वास आल्यावर काय करायचं, ते एकातही नाही.

एका रविवारी दुपारच्या शिफ्टला पंपाच्या जोडातून वायू गळू लागला. ऑपरेटर गडब गावचा, भातशेती सांभाळून बसने कामाला येणारा. त्याने मला बोलावलं. डोळे चुरचुरत होते. मी मुंबईला तीनदा ट्रंक कॉल लावला, तेव्हा कुठे एक साहेब घरी सापडले. लंडनला आज सुट्टी आहे, उद्या विचारून कळवतो, तोवर चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मी निरोप सांगितला. ऑपरेटर उठला आणि त्याने प्लांट बंद केला.

पुढच्या आठवड्यात त्याला चौकशीसाठी मुंबईला बोलावलं, मला साक्षीला. अठरावा मजला, बूट बुडतील एवढा जाड गालिचा. साहेबांनी विचारलं, "परवानगी कोणाची घेतलीस?"

"नाकाची, सायेब. ते शिफ्टला हाजर व्हतं."

कोणी हसलं नाही. मी तिन्ही ट्रंक कॉल सांगितले. अहवालात ते असे उतरले: मुख्य कार्यालयाशी संपर्क सुरू असताना कामगाराने परस्पर निर्णय घेतला. संपर्क सुरू असताना! आजही ते वाक्य आठवलं की डोकं फिरतं. साक्षीदार म्हणून मी खाली सही केली. रामवाडीत माझं घर अर्धं बांधून झालं होतं.

त्याला काढल्याचं पत्र दोन दिवसांत आलं. त्यासाठी लंडनला विचारावं लागलं नाही. पत्र इंग्रजीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. सही कोणाची, त्याने विचारलं. मी नाव सांगितलं.

"ह्यो कधी आलेला हितं?"

"नाय," मी म्हणालो.

पत्राला अहवालाची प्रत जोडली होती. त्याने ती माझ्या हातातून घेतली, उलटली आणि तळाशी बोट ठेवून थांबला. मी सही मराठीत करतो. सगळ्या कागदांत तेवढंच त्याला वाचता आलं.