उलट्या बाजूंची कॅसेट

चिरंजीव अर्णव आणि मीरा,

बेळगावच्या स्टँडवर संध्याकाळची मुंबईची गाडी लागली होती. लग्नाला आठ दिवस झाले होते. वडिलांनी माझ्या ट्रंकेवर नवं आडनाव रंगवून घेतलं होतं. रंग नीट वाळला नव्हता, तो माझ्या साडीच्या काठाला लागला आणि वडील त्यावरूनच हमालाशी वाद घालत राहिले, कारण माझ्याकडे बघणं त्यांना टाळायचं होतं. आईने कुंद्याच्या मिठाईचा डबा दिला. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, खिडकीतून एक कॅसेट आत सरकवली. गाडी सुरू झाल्यावर आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "ते तुझं गाणं ऐकताना दार लावून घे गे. लोकांना वाटंल, नवरा-बायकोची भांडणं चालल्यात."

घर सोडताना मला मिळालेला हा एकमेव उपदेश. मी हसत निघाले आणि निपाणीपर्यंत रडत गेले.

हा प्रसंग तुम्हाला ओळखीचा वाटेल. अर्णव, गेल्या महिन्यात तू मला ज्या पॉडकास्टची लिंक पाठवलीस, त्यात तो आहे. तिथे एक चाळिशीचा माणूस इंग्रजीत सांगतो की घर सोडताना त्याच्या भावाने त्याला कॅसेट दिली आणि आई म्हणाली, मागे दार लावून घे. मग तो जरा थांबतो, आणि मागून बासरी वाजते. तू लिहिलं होतंस, "आजी, हा पण नवी मुंबईतलाच आहे, आणि हा पण तुझ्यासारखंच चुकतो!" पुढे हसरे चेहरे. तू मला फोनवर दोनदा विचारलंस, मी रविवारी श्रीहरी म्हात्र्यांकडे जाणं का सोडलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक आहे. खरं कारण तुम्हा दोघांना लिहून कळवायचं ठरवलं आहे, कारण जे गेलं आहे ते तुमच्यासाठी ठेवलेलं होतं.

आधी त्या कॅसेटबद्दल. दादा त्या काळी सुट्टी मिळाली की गोव्याला जायचा. मायदेशी परतणारे परदेशी तरुण किनाऱ्यावर आपल्या रेकॉर्डी विकून टाकत. त्यातून त्याला प्रोग्रेसिव्ह रॉकचं वेड लागलं आणि त्याच्यामुळे मला. एकेक रचना वीस-वीस मिनिटांची, मध्येच ताल बदलणारी, ऑर्गन आणि बासरी एकत्र नांदणारी. कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींना तीन मिनिटांची प्रेमगीतं पुरत होती. मला हे लांबलचक, हट्टी संगीत आवडलं, कारण त्यात घाई नव्हती. दादाने भरून दिलेली रेकॉर्ड एका इंग्रजी बँडची होती. एका गलबताची गोष्ट, दोन बाजूंवर पसरलेली. आधी वादळ, शिडं फाटतात, ड्रम अंगावर येतात. मग दुसरी बाजू शांत, तिच्या सुरुवातीला आणि शेवटी एकटी बासरी. गलबत बंदराला लागतं.

वाशीत आम्ही आलो तेव्हा सेक्टरांना नंबर होते, झाडं नव्हती. खाडीवरून खारट, कुजकट वारा यायचा. पाण्याची वेळ ठरलेली, भाजीला लांब जावं लागे, आणि चारही दिशांना एकसारख्या इमारती, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्याच्याच जिन्यात चढले होते. तुमचे आजोबा केमिकल कंपनीत शिफ्टला जात. दुपारी मी दार लावून टू-इन-वनवर ती कॅसेट लावायची. एकदा शेजारच्या वहिनींनी खरोखरच दार वाजवलं. "सगळं ठीक आहे ना हो?" मी आईला तसं पत्र घातलं. तिचं उत्तर आलं, "सांगितलेलं ना."

तेव्हापासून वह्या लिहू लागले. एका रचनेला एक पान; पहिल्या पानावर ती कॅसेट कशी मिळाली तेही. वर तारीख, हवा कशी होती, घरात कोण होतं. खाली काय ऐकलं ते. इंग्रजीत लिहायचे, कारण या संगीताबद्दल बोलायला दुसरी भाषा मला सुचत नव्हती, आणि बोलायला माणूसही नव्हतं. तुमचे आजोबा शेजारी पेपर वाचत बसायचे आणि संपलं की म्हणायचे, "झालं? छान होतं." त्यांना काहीही आवडलेलं नसायचं, हे मला माहीत होतं. मला ते कळतं, हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

चार वर्षांपूर्वी, अर्णव, तू तेरा वर्षांचा असताना तीच रेकॉर्ड तिकडे मेलबर्नला अ‍ॅपवर ऐकलीस आणि फोन केलास. "आजी, तुझं गलबत बुडतं." मी म्हटलं, शक्य नाही. मग मी स्वतः ऐकली. बासरीने सुरुवात होते, गलबत बंदरातून निघतं, आणि शेवट वादळात. शेवटचा सूर असा तुटतो की आपण अजून काही येईल म्हणून थांबतो आणि काही येत नाही. दादाने बाजू उलट्या भरल्या होत्या. मी त्याला बेळगावला फोन केला. मला वाटत होतं, तो म्हणेल की तू रडशील म्हणून मुद्दाम तसं केलं. तो म्हणाला, "घाईत झालं असंल गे. रेकॉर्ड त्याच दिवशी परत द्यायची होती." मी तिसऱ्या वहीत दुरुस्तीची नोंद केली. पहिल्या वहीतलं पान तसंच ठेवलं. इतकी वर्षं मी तेच ऐकलं होतं.

म्हात्र्यांची ही रविवारची संगीत ऐकण्याची बैठकही तूच नेटवर शोधून दिलीस. शिरवणे गावात, माझ्या आताच्या नेरूळच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. म्हात्रे मूळचे तिथलेच. वडिलांची भातशेती होती, तिथे आता शहर आहे. त्यांची तीन मजली इमारत आहे, भाडेकरू आहेत आणि तळमजल्यावर त्यांच्या बेंजो पार्टीची खोली आहे. हळदीला, लग्नाला वाजवतात ती पार्टी. म्हात्रे ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतात आणि कुठलाही अवघड ताल एकदा ऐकून मांडीवर मोजतात. बैठकीचा नियम साधा. एक जुना बँड, एक नवा. फोन दारातल्या स्टीलच्या डब्यात. रचना संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मग एकेकाने पाळीने बोलायचं.

सहा-सात जण असायचे, बहुतेक पुरुष. पहिल्या रविवारी सगळ्यांना वाटलं, मी पत्ता चुकले आहे. म्हात्रे म्हणाले, "बाय, बचत गटाची मीटिंग वरती हाय." मी म्हटलं, मी ऐकायला आले आहे. त्या दिवशी पोलंडच्या एका नव्या बँडची रचना होती. संपल्यावर म्हात्रे म्हणाले, "यो सातचा ताल हाय." मी म्हटलं, सात नाही, चार आणि मग तीन, दोन्ही वेगळे ठेवा. त्यांनी परत लावली, मांडीवर मोजली आणि हात जोडले. "बाय, तुमची खुर्ची पंख्याखाली."

नव्या मुंबईत इतकी वर्षं मी कुणाची तरी मिसेस, कुणाची तरी मम्मी आणि मग सी विंगमधल्या आजी होते. त्या खोलीत मी काय ऐकलं, हे लोक विचारत. चुकले तर भांडत. मला ते फार आवडायचं.

तिथेच श्रेयस भेटला. उलव्याला राहतो. हुशार, नम्र, मला रिक्षापर्यंत सोडायला यायचा. बाकीचे मला मॅडम किंवा बाय म्हणत. तो पहिल्या दिवसापासून आजी म्हणाला. ही हाक तोवर फक्त तुम्ही दोघं मारत होतात, तीसुद्धा मेलबर्नहून, फोनमधून. मी लगेच विरघळले, हे कबूल करते. वह्यांबद्दल कळल्यावर तो म्हणाला, "आजी, कागद पिवळे पडतायत. मी सगळं स्कॅन करून देतो, नातवंडांना पाठवता येईल." मी पहिल्या दोन वह्या तुमच्यासाठी म्हणून त्याच्या हातात दिल्या; तिसरी माझ्याकडेच राहिली. सात महिने झाले. विचारलं की म्हणायचा, "होतंय आजी, टेन्शन घेऊ नका."

तुझी लिंक मी दुपारी दार लावून ऐकली. आवाज श्रेयसचा होता, आणि पहिल्याच भागात माझी वाक्यं होती. माझ्या वाशीच्या दुपारी होत्या. आणि मग गलबताची गोष्ट, आधी वादळ आणि शेवटी बंदर. खाली एका श्रोत्याने लिहिलं होतं की तुम्ही बाजू उलट सांगताय. त्यावर श्रेयसचं उत्तर होतं, "मी मुद्दाम उलट क्रमाने ऐकतो, ही माझी पद्धत आहे." ते वाचून मला पहिल्यांदा राग आला. वाक्यं घेतली हे एक वेळ समजलं असतं. पण त्याने ती रेकॉर्ड एकदाही पूर्ण ऐकली नव्हती. ऐकली असती तर चूक कळली असती. आमच्या बैठकीत न ऐकता बोलणं याहून मोठा गुन्हा नाही.

रविवारी मी कागद घेऊन गेले. वह्या त्याच्याकडेच होत्या, पण पानं मला पाठ होती; वहीचं पान आणि पॉडकास्टचं मिनिट, अशी यादी केली होती. माझी पाळी आली तेव्हा मी ती वाचली. तेरा ठिकाणं होती.

श्रेयस म्हणाला, "आजी, मी सांगणारच होतो. तो ट्रिब्यूट आहे."

"कुणाला?"

"तुम्हालाच ना."

"मग माझं नाव कुठे आहे?"

तो हसला. अगदी मायेने हसला, हेच मला विसरता येत नाही. "आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या नावाने हे कोण ऐकणार? पोरांना वाटेल, भजनाचा कार्यक्रम आहे."

मी इतरांकडे पाहिलं. एकाने डब्यातून फोन काढला. दुसरा पंख्याकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कुणालाच आश्चर्य वाटलेलं नाही. सगळ्यांनी तो पॉडकास्ट ऐकला होता, माझे शब्द ओळखले होते. महिनोन्‌महिने दर रविवारी माझ्याशी तालावरून भांडत, माझ्या हातच्या चकल्या खात, सगळ्यांना माहीत होतं.

म्हात्रे उठून उभे राहिले. "बाय, आमाला वाटला, तुमीच दिलाय त्याला."

"मग एकदा विचारलंत का नाही?"

"त्यो तुमाला आजी बोलतो. घरचा मानूस समजलो. घरच्याला कोन इचारतो?" मग ते श्रेयसकडे वळले आणि त्यांचा आवाज चढला. "आनि तू कवा रे घर सोडलास? इथल्या इथं करंजाड्यावरून उलव्याला आलास ना तू! सामानाचा टेम्पो माझ्या भाच्याचा होता. आय तुझी पुढं बसली होती, कुकर मांडीवर घेऊन!"

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. त्या दिवशी रिक्षापर्यंत सोडायला कोणी आलं नाही.

दोन दिवसांनी वह्या आमच्या वॉचमनकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळाल्या. चिठ्ठी नव्हती. पानं सगळी आहेत, मी मोजली. पॉडकास्टही तसाच चालू आहे. मागच्या आठवड्यात नवा भाग आला.

म्हात्रे परवा घरी येऊन गेले. चहा घेतला नाही, चपला काढून दारातच उभे राहिले. म्हणाले, श्रेयसला येऊ नको म्हणून सांगितलं आहे, तुम्ही या. मी विचारलं, "त्याला का सांगितलंत? मला तेव्हाच सांगायचं होतंत." मग म्हणाले, "चुकला आमचा." हा माणूस खोटं बोलत नाही. तरीही मी येते असं म्हटलं नाही. श्रेयस चोर निघाला, ते मी पचवीन. पण ज्या खोलीत मला ऐकून घेतात असं मी समजत होते, त्या खोलीने मला ऐकू येणार नाही याची काळजी घेतली. त्या पंख्याखाली परत बसवेल की नाही, मला अजून माहीत नाही.

अर्णव, तू विचारशील, तो पॉडकास्ट ऐकू की नको. ऐक. वाक्यं बरी आहेत, मी ती नीट विचार करून लिहिली होती. पण हे पत्र शेजारी ठेवून ऐक. मीरा, तू मराठी हळू वाचतेस, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. वह्या इंग्रजीत होत्या, म्हणून त्या सहज दुसऱ्याच्या तोंडी बसल्या. आई इंग्रजीत काही म्हणालीच नव्हती. ती जे म्हणाली ते आज पहिल्यांदा कागदावर आलं आहे, तिच्याच शब्दांत.

तुमचा बाबा दर वेळी विचारतो, "आई, तिकडे एकटी काय करतेस, इकडेच ये ना, हेही घरच आहे." बेळगावला दादा म्हणतो, तुझी खोली आहे. इथे सोसायटीच्या पाटीवर माझं नाव आहे. तीन घरं आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातलं कुठलं माझं, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही. पूर्वी मला वाटायचं, जिथे आपल्याला काही विचारावं लागत नाही ते घर. आता त्या व्याख्येची भीती वाटते. घरचा म्हणून न विचारता घेतात, आणि घरची म्हणून काही न सांगता अंधारात ठेवतात.

त्यामुळे घर कुठे आहे, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण ते सोडून कोण आलं, एवढं सांगू शकते. त्या संध्याकाळी खिडकीशी बसलेली, साडीला ओला रंग लागलेली, ती मी होते.

तुमची,
आजी